खऱ्या जगाची चाचणी

२४ सप्टेंबर १९७७. फ्रान्समधील मेट्झ शहरात विज्ञानकथांचा महोत्सव भरला होता आणि एक दाढीवाले अमेरिकी लेखक हातातल्या कागदांवरून भाषण वाचत होते. आपण ज्याला जग म्हणतो ते संगणकाने आखलेले असावे, असा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. या आखणीतला एखादा घटक कुणीतरी मागे जाऊन बदलतो, नव्या मांडणीनुसार जग पुन्हा चालू होते, आणि आपल्याला मात्र क्षणभर वाटते की हे सगळे पूर्वी घडून गेले आहे. ती चुटपुट हीच बदलाची एकमेव खूण, असे त्यांनी सांगितले. हा विनोद आहे, कथेचे कथानक आहे की हा माणूस मनापासून बोलतो आहे, हे अनेक श्रोत्यांना उमगले नाही.

घरगुती संगणक त्या वर्षी नुकते कुठे दुकानात दिसू लागले होते. ‘द मॅट्रिक्स’ चित्रपटाला अजून २२ वर्षे अवकाश होता. आपण संगणकीय आभासात राहत असू का, या प्रश्नाची तर्कशुद्ध मांडणी करणारा निक बोस्ट्रॉम यांचा प्रसिद्ध निबंध २००३ मध्ये आला. त्याच्या पाव शतक आधी हा प्रश्न जाहीरपणे मांडणाऱ्या या लेखकाचे नाव फिलिप के. डिक. त्यांच्या कथांवर ‘ब्लेड रनर’, ‘टोटल रिकॉल’, ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ हे चित्रपट निघाले. त्यांच्या मनात हा प्रश्न आला कुठून आणि त्याने त्यांचे काय केले, ही हकिगत विज्ञानाइतकीच आरोग्याचीही आहे.

डिक यांचा जन्म १६ डिसेंबर १९२८ रोजी शिकागोत झाला. जुळी भावंडे होती, दिवस पुरे भरण्याआधीच जन्मलेली आणि अतिशय अशक्त. बहीण जेन जेमतेम सहा आठवड्यांची असताना अपुऱ्या पोषणाने दगावली. कोलोरॅडो राज्यातील फोर्ट मॉर्गन येथे तिला पुरले, आणि आई-वडिलांनी तिच्या स्मृतिशिळेवर जिवंत असलेल्या फिलिपचेही नाव कोरून घेतले. मृत्यूच्या तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवली. आपल्यातला अर्धा भाग दुसऱ्याच कुठल्यातरी जगात आहे, ही भावना डिक यांना आयुष्यभर सोडून गेली नाही. जुळ्यांची, हरवलेल्या बहिणीची प्रतिमा त्यांच्या लेखनात पुनःपुन्हा येते.

आई-वडील लवकरच विभक्त झाले. फिलिप आईबरोबर कॅलिफोर्नियात, बर्कलीला वाढला. दमा होता, छातीत धडधड होत असे, पुढे चक्कर येण्याचा त्रास सुरू झाला आणि माणसांच्या गर्दीत जीव घाबरा होऊ लागला. १९४९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात नाव घातले, पण काही महिन्यांतच शिक्षण सोडावे लागले. तत्त्वज्ञानाचे वेड मात्र सुटले नाही. डोळ्यांना दिसते ते मूळ वस्तूची केवळ सावली असते, हा प्लेटोचा विचार त्यांना पटला होता. पोटासाठी ते रेडिओ आणि ग्रामोफोन रेकॉर्डच्या दुकानात काम करत. १९५१ मध्ये पहिली कथा विकली गेली आणि लवकरच नोकरी सोडून त्यांनी लेखणीवर संसार चालवायचे ठरवले. स्वस्त मासिके शब्दांवर पैसे मोजत, आणि तेही थोडके. त्यामुळे लिहायचे ते भराभर लिहावे लागे.

याच काळातला एक साधा प्रसंग डिक पुढे सांगत असत. एकदा ते अंधारात न्हाणीघरात गेले आणि दिव्याची दोरी ओढण्यासाठी सवयीने हात वर केला. दोरी हाताला लागेना. मग लक्षात आले की या घरात दोरी कधी नव्हतीच. भिंतीवर बटण होते. दुसरा कुणी हसून विसरून गेला असता. डिक यांना प्रश्न पडला, की जी दोरी कधी नव्हतीच तिची सवय हाताला लागली कुठे?

मेंदूविज्ञानाकडे याचे सरळ उत्तर आहे. समोर काय आहे याचा मेंदू सतत अंदाज बांधत असतो आणि इंद्रियांकडून आलेल्या माहितीशी तो ताडून पाहतो. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच पाहण्याच्या क्रियेला नकळत काढलेले अनुमान मानले होते. हात वर गेला तो अशाच एखाद्या अंदाजामुळे, कुठल्यातरी जुन्या खोलीच्या आठवणीतून. म्हणजे एका अर्थाने आपण प्रत्येक जण मेंदूने उभारलेल्या प्रतिकृतीतच वावरत असतो. फरक इतकाच, की ही प्रतिकृती चुकली तर बाहेरचे जग ती दुरुस्त करून देते. दोरी नसली तर हात रिकामा राहतो.

डिक यांनी त्या रिकाम्या हाताची कादंबरी केली. १९५९ मध्ये आलेल्या ‘टाइम आउट ऑफ जॉइंट’चा नायक एका शांत गावात राहतो आणि वर्तमानपत्रातले कोडे रोज अचूक सोडवून पैसे कमावतो. एके दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत सरबताची टपरी विरून जाते आणि तिच्या जागी उरतो एक कागदाचा चिटोरा. त्यावर टपरीचे नाव तेवढे लिहिलेले असते. पुढे उलगडते ते असे: गाव बनावट आहे, खरे साल १९९८ आहे, चंद्रावरील वसाहतीशी युद्ध पेटले आहे, आणि नायक ज्याला कोडे समजतो ते सोडवताना तो शत्रूची क्षेपणास्त्रे कुठे पडणार याचा अंदाज सैन्याला पुरवत असतो.

जग खोटे निघाले तर ते खोटे कशामुळे असेल? या एका प्रश्नाची जितकी उत्तरे सुचतील तितकी डिक लिहून पाहत गेले. ‘आय इन द स्काय’ या १९५७ च्या कादंबरीत एका अपघातात सापडलेली आठ माणसे एकमेकांच्या मनातल्या जगांत अडकतात: एकाचे धर्मवेडे, दुसऱ्याचे सोवळे, तिसऱ्याचे संशयाने पछाडलेले. ‘द थ्री स्टिग्माटा ऑफ पामर एल्ड्रिच’मध्ये आभास एका अमली द्रव्यातून येतो आणि त्यातून बाहेर पडलो की नाही हेच कळेनासे होते. ‘युबिक’मध्ये शीतपेटीत ठेवलेल्या अर्धमृतांच्या मनातले जग हळूहळू जुने होत झिजत जाते. ‘द इलेक्ट्रिक अँट’ ही १९६९ ची कथा तर संगणकीय आभासाच्या कल्पनेला अगदी भिडते. अपघातानंतर नायकाला रुग्णालयात कळते की आपण यंत्रमानव आहोत आणि छातीत एक छिद्रांची पट्टी फिरते आहे. त्या काळी संगणकाला सूचना देण्यासाठी अशाच पट्ट्या वापरत. तो पट्टीवरची काही छिद्रे बुजवतो, तर समोरच्या वस्तू नाहीशा होतात. शेवटी तो पट्टीच कापतो. तो मरतो, आणि त्याच्या शेजारी असलेल्या स्त्रीचे हात पारदर्शक होऊ लागतात.

या सुपीकतेची किंमत शरीर मोजत होते. त्या काळी अमेरिकेत अँफेटामिनच्या गोळ्या डॉक्टर सर्रास लिहून देत. वजन कमी करायला, मरगळ घालवायला. डिक त्या घेत गेले. १९६३ आणि १९६४ या दोन वर्षांत त्यांनी दहाहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. अँफेटामिनने झोप आणि भूक मरते, रक्तदाब वाढतो आणि दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास संशयाचे विकारही जडतात. आपल्यावर पाळत आहे असे डिक यांना वाटू लागले. नोव्हेंबर १९७१ मध्ये त्यांच्या घरात खरोखरच घरफोडी झाली आणि कागदपत्रांची तिजोरी फोडली गेली. ती कुणी फोडली हे कधीच कळले नाही, आणि उरलेले आयुष्य डिक त्याचे तर्क लढवत राहिले. १९७२ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर शहरात त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून वाचल्यावर व्यसनमुक्ती केंद्रात राहून ते गोळ्यांच्या विळख्यातून सुटले. त्या वर्षांत गमावलेल्या मित्रांवर त्यांनी पुढे ‘अ स्कॅनर डार्कली’ लिहिली. पुस्तकाच्या शेवटी मेलेल्या आणि कायमचे अधू झालेल्या मित्रांची यादी आहे. स्वादुपिंडाला झालेल्या कायमच्या इजेसह स्वतःचे नावही त्यांनी त्यात घातले.

मग आला फेब्रुवारी १९७४. डिक तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियात पत्नी आणि सात महिन्यांच्या मुलासह राहत होते. हिरडीत अडकलेली अक्कलदाढ काढण्यासाठी त्यांना सोडियम पेंटोथालची भूल देण्यात आली. घरी आल्यावर वेदना असह्य झाल्या, तेव्हा औषधांच्या दुकानातून एक तरुणी वेदनाशामक घेऊन दारात आली. तिच्या गळ्यात माशाच्या आकाराचे सोनेरी पदक होते. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांची ती खूण. ते पदक चमकले आणि आपल्याला दुसऱ्याच एका काळाची, प्राचीन रोमची आठवण आली, असे डिक यांचे म्हणणे होते. पुढच्या काही आठवड्यांत रात्ररात्र रंगीत आकृत्या दिसू लागल्या, आणि गुलाबी प्रकाशाचा एक झोत आपल्या मेंदूत माहिती ओततो आहे असा अनुभव आला.

त्यातला एक प्रसंग वेगळा आहे. आपल्या तान्ह्या मुलाला जन्मतःच एक दोष आहे आणि तो कुणाच्या लक्षात आलेला नाही, अशी माहिती त्या झोतातून मिळाली, असे डिक सांगत. बाळाला डॉक्टरांकडे नेले. तपासणीत जांघेतील हर्निया निघाला आणि पुढे शस्त्रक्रिया झाली. डिक यांना हा आपल्या अनुभवाचा सर्वांत भक्कम पुरावा वाटे. डॉक्टर मात्र याकडे वेगळ्या नजरेने पाहतील. मुलग्यांमध्ये, विशेषतः तान्हेपणी, हा दोष नेहमी आढळतो. बाळ रडले, कुंथले की जांघेत फुगवटा येतो आणि शांत झाले की नाहीसा होतो. बाळाला रोज कडेवर घेणाऱ्या बापाच्या मेंदूने तो नकळत टिपला असेल, हे अगदी शक्य आहे. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी. माहिती झोतातून आलेली असो वा नजरेतून, हर्निया खरा होता. तो अडकला असता तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटून बाळाच्या जिवावर बेतू शकले असते.

या अनुभवांचे वैद्यकीय कारण काय असावे यावर पुढे बरीच चर्चा झाली. मेंदूच्या कानशिलालगतच्या भागात होणारी अपस्मारासारखी विद्युत खळबळ, अति रक्तदाब, भुलीचा परिणाम, पूर्वीच्या गोळ्यांनी केलेले नुकसान, त्या काळात ते मोठ्या मात्रेत घेत असलेली जीवनसत्त्वे, असे अनेक तर्क आहेत. कॅनडातील मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी जागृत रुग्णांच्या मेंदूचा हाच भाग सौम्य विजेने चेतवला, तेव्हा काहींना हे पूर्वी घडले आहे असे वाटले, तर काहींना स्वप्नासारखी दृश्ये दिसली. मेट्झच्या भाषणात डिक ज्याला विश्वाच्या आखणीतला बदल म्हणत होते, तो अनुभव मेंदूत अशा प्रकारेही उत्पन्न होऊ शकतो. मरणोत्तर निदान मात्र नेहमीच अंदाजाचे असते.

स्वतः डिक काय करत होते? ते लिहीत होते. १९७४ ते १९८२ अशी आठ वर्षे, बहुधा रात्री, त्यांनी या एकाच अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी सुमारे ८,००० पाने लिहिली. त्यांतली निवडक पाने ‘एक्सेजेसिस’ या नावाने २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या पद्धतीने ते कथांसाठी कल्पना लढवत, तीच त्यांनी स्वतःवर लावलेली दिसते. हा देव असेल. परग्रहावरचा उपग्रह असेल. रशियनांचे दूरसंवेदनाचे प्रयोग असतील. त्या काळी मेंदूच्या दोन अर्धगोलांवरचे संशोधन गाजत होते, तेव्हा आपला उजवा अर्धगोल जागा झाला असेल. भारतीय तत्त्वज्ञानातली माया असेल. किंवा आपल्याला वेड लागले असेल. आज एक स्पष्टीकरण पानेच्या पाने भरून सिद्ध करायचे आणि उद्या तेच खोडून काढायचे, असा हा क्रम चालला.

एकाच उत्तराला घट्ट धरले की काय होते, हेही त्यांच्या आयुष्यात दिसते. सप्टेंबर १९७४ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या एफबीआयला पत्र लिहून कळवले, की स्तानिस्लाव लेम नावाचा पोलिश विज्ञानकथाकार अस्तित्वातच नाही. ती कम्युनिस्टांची एक समिती आहे. लेम अर्थातच हाडामांसाचे होते. इतकेच नव्हे, तर अमेरिकी विज्ञानकथेवर सडकून टीका करणाऱ्या लेम यांनी एकट्या डिक यांना द्रष्टा ठरवणारा लेख पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. जो संशय कथेत कादंबरी होई, तोच आयुष्यात उतरला की एका जिवंत माणसाला कागदावरची समिती करून टाकी.

१९८१ मध्ये आलेल्या ‘व्हॅलिस’ या कादंबरीत डिक यांनी स्वतःचे दोन तुकडे केले. एक पात्र गुलाबी झोतावर विश्वास ठेवते. दुसरे पात्र म्हणजे फिल नावाचा लेखक, पहिल्याचा मित्र. तो त्याची काळजी करतो आणि त्याच्या सिद्धांतांना हसतोही. वस्तुतः दोघे एकच. भ्रमाच्या विकारात सहसा हे दुसरे पात्र माणसाजवळ उरत नाही. आपले म्हणणे चुकीचे असू शकते असे सांगणारा आवाज गप्प होतो. डिक यांच्यात तो आवाज बहुतेक वेळा शाबूत राहिला.

खरे काय, हे ओळखण्याच्या दोन चाचण्या त्यांच्या लेखनातून हाती लागतात. पहिली १९७८ च्या एका भाषणात येते: आपण विश्वास ठेवणे थांबवल्यावरही जे नाहीसे होत नाही, ते खरे. दुसरी ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ या १९६८ च्या कादंबरीत आहे. तिथे माणूस आणि यंत्रमानव यांत फरक करायचा तो बुद्धीवरून नव्हे, तर दुसऱ्या जिवाच्या वेदनेने मन हलते की नाही यावरून. व्हँकूव्हरच्या भाषणातही त्यांनी हेच मांडले होते. दुसऱ्याला वस्तूसारखे वागवणारा हाडामांसाचा असला तरी यंत्रच, असा त्यांचा निष्कर्ष होता.

विज्ञानाने या प्रश्नाला हात घातला आहे. जर्मन अभियंता कॉनराड झूस यांनी १९६९ मध्येच विश्व हे गणन करणारे यंत्र असावे अशी कल्पना पुस्तकरूपाने मांडली होती. २०१२ मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवले, की विश्व जर संगणकावर आलेखाच्या कागदासारख्या चौकटींत मांडलेले असेल, तर अतिशय ऊर्जावान वैश्विक किरणांच्या दिशांमध्ये त्या चौकटींचा ठसा दिसायला हवा. असा ठसा अद्याप सापडलेला नाही. पण चौकटी हव्या तितक्या बारीक मानता येतात, त्यामुळे कल्पना खोटी ठरवणेही कठीणच आहे. जी कल्पना कोणत्याही निरीक्षणाने खोटी ठरू शकत नाही, ती विज्ञानाच्या उंबऱ्याबाहेर राहते. कथेला तिथे मज्जाव नसतो.

१७ फेब्रुवारी १९८२ रोजी डिक यांनी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना सांगितले की दृष्टी अधू झाल्यासारखी वाटते. ताबडतोब रुग्णालयात जाण्याचा सल्ला मिळाला, पण ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सँटा ॲना येथील घरात ते जमिनीवर बेशुद्ध पडलेले आढळले. पक्षाघाताचा झटका आला होता. रुग्णालयात आणखी एक झटका आला आणि २ मार्च रोजी जीवरक्षक यंत्रणा काढून घेण्यात आली. वय होते अवघे ५३. ‘ब्लेड रनर’ प्रदर्शित व्हायला चार महिने उरले होते. वडिलांनी अस्थी फोर्ट मॉर्गनला नेल्या आणि जेनशेजारच्या जागेतली मोकळी तारीख भरली गेली.

एकाएकी दृष्टी अंधुक होणे, तोंड वाकडे होणे, हातातले बळ जाणे किंवा बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत आणि अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते. सारे विश्व कुणाच्या संगणकावर चाललेले असले, तरी रक्तदाब मोजावा लागतो आणि अडकलेल्या हर्नियाला शस्त्रक्रिया लागते. डिक यांच्या पहिल्या चाचणीला त्यांचे स्वतःचे शरीर पुरेपूर उतरले. दुसऱ्या चाचणीला उतरला तो १९७४ मधला बाप, ज्याने झोत खरा की भास याचा निकाल लागण्याची वाट न पाहता बाळाला डॉक्टरांकडे नेले.